रामाचा रथ आणि मोरोपंतांचा जॅक

रथाचं मागचं चाक बदलायचं कसं, यावर राममंदिराच्या पंचांची बैठक तासभर चालली होती, आणि मोरोपंत दर्यापूरकर वकील तोवर शहाण्या माणसासारखे गप्प बसले होते. तसेच बसून राहिले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण वकिलाच्या जातीला गप्प बसणं म्हणजे म्हशीला सोवळं.

अमरावतीच्या त्या गल्लीतला रामनवमीचा रथ म्हणजे काही खेळणं नव्हतं. सागवानी, दुमजली, वर पितळी कळस, आणि चाकं बुटकी, पण अशी भरीव की त्यांच्याशेजारी उभा राहिलेला माणूस देवाचा नातेवाईक वाटावा. त्यातलं एक चाक तडकलं होतं. नवं चाक डोमाजी सुतारानं करून देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पण ते बसवायचं तर रथ उचलायला हवा. मागच्या खेपेला गल्लीतले गडी लाकडी बल्ल्या लावून उचलायला गेले, तेव्हा एक बल्ली सटकली आणि डोमाजीच्या भावाचा पाय असा चेचला की तो अजून काठी घेऊन चालत होता. त्यामुळं यंदा डोमाजीनं पंचांना स्वच्छ सांगितलं होतं, "बल्ल्या लावसान त मी येत नाही. रामाले पायी घिऊन जा."

ट्रकवाल्यांचे जॅक उंच, रथाच्या आखाखाली शिरत नव्हते. यंदा रथ निघणार नाही, असं ठरायच्या बेतात होतं. तेवढ्यात मोरोपंत खाकरले.

"माझ्याकडे जॅक आहे. विलायती. तेलाचा. दोन टनांचा. पसरट आहे, कुठंही शिरतो."

बैठक संपली. चहा आला. मोरोपंतांना त्या दिवशी दुसरा कपही मिळाला.

जॅक होता, ही गोष्ट खरी. अचलपूरच्या जानराव मोटारवाल्याची बस-सर्व्हिस बंद पडली तेव्हा तो त्यानं फीच्या बदल्यात वकिलांच्या ओसरीवर आणून ठेवला होता, "वकीलसाहेब, तुमच्या घरी माही आठवण राहीन." मोरोपंतांकडे मोटार नव्हती. त्यांच्याकडे सायकल होती. सायकल असलेल्या माणसाच्या ओसरीवर चार लोखंडी चाकांचा, पुरुषभर लांब दांड्याचा जॅक बसलेला पाहून येणारा-जाणारा विचारी, "काय जी, सायकल पंक्चर झाली वाटते?" आणि त्यांच्या पत्नी गोदावरीबाईंना तुळशीला पाणी घालायला जाताना त्याची ठेच लागे. लागली की त्या जॅकला, जानरावला आणि वकिलीच्या धंद्याला याच क्रमानं शिव्या देत.

आता मात्र मोरोपंतांची छाती दोन टनांनी फुगली होती. घरी येताच त्यांनी जॅक आत ओढला, ज्वारीच्या कोठीखाली सरकवला आणि दांडा मारायला सुरुवात केली. कोठी वीतभर उचलली गेली.

"अगं, बघायला ये!"

गोदावरीबाई भाकरी तव्यावर टाकून, हात पुसत बाहेर आल्या. "काय बघायचं?"

कोठी जागच्या जागी होती.

"आत्ता वर होती."

"बरं," असं म्हणून त्या आत गेल्या. मोरोपंतांनी पुन्हा दांडा मारला, कोठी पुन्हा वर गेली, त्यांनी पुन्हा हाक मारली, गोदावरीबाई पुन्हा आल्या आणि पुन्हा कोठी, लबाड साक्षीदारासारखी, काही घडलंच नाही असा चेहरा करून जमिनीवर बसलेली. तिसऱ्या हाकेला त्या आल्या नाहीत. आतून म्हणाल्या, "कोठी खाली आहे हे मला इथून माहीत आहे."

जॅक वर जात होता, पण वर राहत नव्हता.

अशा वेळी माणसानं एकट्यानं विचार करावा. पण मोरोपंतांच्या शेजारी बापूसाहेब राहत होते. बापूसाहेब म्हणजे बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. नोकरीत त्यांनी तीन पूल बांधले होते आणि त्यांतले दोन अजून उभे होते. त्यांनी जॅकभोवती एक प्रदक्षिणा घातली, तेलाचं बोट नाकाला लावलं आणि निदान केलं.

"आतलं कातडी वायसर गेलंय. हा वरचा नट खोलला की झालं."

बापूसाहेबांच्या आयुष्यात सगळ्याच गोष्टी 'की झालं' होत्या. तो नट लाडवासारखा गोल होता. पाना बसावा असा एकही कोपरा त्याला नव्हता. नुसत्या कडेनं चार खाचा. मोरोपंतांनी घरातला पाना लावला, तो घसरला. शेजारचा मोठा पाना लावला, तो जरा जास्त जोरात घसरला. मग बापूसाहेब म्हणाले, "छन्नी धरा खाचेत, मी हातोडा मारतो." अनुभवी माणसाच्या हातात हातोडा असताना आपण छन्नी धरू नये, हे मोरोपंतांना पहिल्याच घावात कळलं. नटाचा एक दात तुटला आणि वकिलांचा अंगठा वांग्याच्या रंगाचा झाला. नट तसूभरही फिरला नाही.

"पाना पाहिजे," बापूसाहेब शांतपणे म्हणाले. "टोकाला आकडी असलेला. ती आकडी खाचेत अडकली की झालं."

अंगठ्याला हळद बांधून मोरोपंत बाजारात निघाले. बरोबर पुरावा असावा म्हणून त्यांनी नटावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली आणि छाप घेतला. पहिल्या दुकानदारानं तो उलटासुलटा पाहिला आणि चकलीचा साचा काढून दाखवला. दुसऱ्यानं विचारलं, "कोणाची कुंडली हाये?" तिसरा मात्र जाणता निघाला. तो म्हणाला, "साहेब, असा पाना हितं नाई भेटत. अकोल्याले जा. जुन्या शहरात गोवर्धन भंगारवाला हाये. जुन्या जिनिंगमधलं सारं साहेबाच्या वक्ताचं सामान त्याच्यापाशीच. पण नुसता कागद नका नेऊ, जिनस घिऊन जा. नाईतर उद्या चकल्याच पाडत बसान."

रामनवमी चार दिवसांवर आली होती. पंचांपैकी रोज कोणीतरी सहज म्हणून ओसरीवर येई आणि जॅककडे आशेनं पाहून जाई. मोरोपंत त्यावर धोतर वाळत घालून ठेवू लागले होते. शेवटी त्यांनी काळा कोट चढवला. काळा कोट असला की दुकानदार फसवत नाहीत, असा त्यांचा समज होता. दोन हमालांकडून जॅक अकोल्याच्या बसमध्ये चढवला.

कंडक्टरनं त्याचं सामानाचं तिकीट फाडलं, पण त्याला टपावर चढवायला नकार दिला. टप आपल्या वडिलांचा नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. जॅक दोन बाकांच्या मधल्या वाटेत ठेवला गेला. त्याला चाकं आहेत, ही गोष्ट बडनेऱ्याच्या पुढच्या पहिल्या उताराला सगळ्यांच्या ध्यानात आली. ड्रायव्हरनं ब्रेक लावला की जॅक पुढं धावे. गाडी उचलली की मागं. मूर्तिजापूरपर्यंत अख्खी बस पाय वर घेऊन मांडी घालून बसली होती, जणू कीर्तनालाच निघालीय. एका म्हातारबानं मोरोपंतांना विचारलं, "वकीलसाहेब, हे बांधून नाई ठेवता येत? म्या बोकड्या नेतो त बांधून नेतो."

अकोल्याच्या वेशीवर जकात नाका लागला. कारकून आत चढला.

"हे काय?"

"जॅक. मोटार उचलायचं यंत्र."

"मोटार कुठी हाये?"

"मोटार नाही."

कारकुनानं वाकून जॅकची चाकं मोजली. "चार चाकं हायेत, वढायले दांडा हाये. म्हंजे हातगाडी."

"ही हातगाडी नाही!" मोरोपंत कोर्टात बोलावं तसं बोलले. "हे यंत्र आहे."

"यंत्राची जकात जास्त हाये. चालते का?"

"चालत नाही, म्हणूनच तर आणलं."

"चालत नाई, म्हंजे भंगार. भंगाराले कमी हाये. तसं लिहून द्या."

अशिलानं कधीही स्वतःविरुद्ध काही लिहून देऊ नये, हे मोरोपंत उभ्या जन्मात शेकडो अशिलांना सांगत आले होते. त्यांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं आणि 'सोबतची वस्तू भंगार असून माझ्या कोणत्याही उपयोगाची नाही' असं लिहून खाली सही केली. मागच्या बाकावरचा म्हातारबा म्हणाला, "मंग आणलं काहून?" बस हसली. कारकूनही हसला. आयुष्यभर दुसऱ्यांची उलटतपासणी केलेल्या मोरोपंतांनी पेन खिशात घातलं आणि भंगाराची जकात मोजली.

मग दुपारच्या उन्हात, मोर्णा नदीच्या पुलावरून, काळ्या कोटातला एक गृहस्थ हट्टी कुत्रं ओढावं तसा एक जॅक ओढत जुन्या शहराकडे चालला आहे, हे दृश्य अकोल्यानं पाहिलं. चैत्रातलं ऊन वऱ्हाडात माणसाचं शिक्षण पाहत नाही. गोवर्धनाच्या दुकानी पोचेतो मोरोपंतांची कॉलर मऊ झाली होती आणि भाषाही.

"पाणी पाज बाप्पा आधी," ते म्हणाले.

गोवर्धन भंगारवाला हा जगातला सर्वांत आत्मविश्वासू माणूस होता. त्याच्याकडे नाही अशी वस्तू नव्हती, आणि त्याच्याकडे आहे ती वस्तू सापडत नव्हती. त्यानं लोखंडाच्या ढिगाकडे हात केला. "पाना हाये. हाये म्हंजे हाये. शोधा." मोरोपंतांनी कोट काढला आणि ढिगात शिरले. त्यांना घोड्याचे नाल सापडले, अर्धं शिवणयंत्र सापडलं, कुणा साहेबाच्या बाथटबचा एकच पाय सापडला. दर वस्तूला गोवर्धन म्हणे, "हे लावून पाहा, बसन."

काहीच बसलं नाही. मोरोपंत हताश होऊन मागच्या अंगणात हात धुवायला गेले, आणि त्यांना तो दिसला.

विहिरीच्या काठावर, दोराच्या टोकाला बांधलेला, काळाकुट्ट, टोकाला नेमकी आकडी असलेला पाना. त्यांनी त्याच्यावर अशी झडप घातली की लग्नघरात मुलगी पसंत पडली तरी कोणी घालत नाही.

"ठेवा खाली!" गोवर्धनाची बायको पार्वताबाई मोरीतून ओरडली. "थो माहा गळ हाये."

विहिरीत बादली पडली की ती काढायला त्या पान्याचा गळ केलेला होता. नुसत्या घरच्याच नाही, साऱ्या मोहल्ल्याच्या बादल्या त्यानं निघत. पार्वताबाईंचा त्या मोहल्ल्यात जो दरारा होता त्याचं मूळ या गळात होतं.

"बाई, मला हा फक्त एक नट खोलायला हवा. रामाचं काम आहे."

"रामाचं असो का लक्षुमनाचं. माही बादली कालपासून विहिरीत हाये. इंदूबाईची बी हाये. आधी थ्या काढा, मंग नेजा काय न्यायचं थे. नाई, नेऊ नका, हितंच वापरा, माह्या डोयापुढं."

मोरोपंतांनी गोवर्धनाकडे पाहिलं. गोवर्धन एका गंजलेल्या कुलपाचा फार बारकाईनं अभ्यास करत होता.

तेव्हा अमरावती जिल्हा न्यायालयाचे एक ज्येष्ठ वकील बाह्या सारून विहिरीवर वाकले. बघता बघता भिंतींवर, गच्चीवर बायामाणसं जमली. "डावीकडं घ्या! अजून डावीकडं! तुमचं डावं नाई, माहं!" "वढू नका, खेळवा!" पहिल्यांदा गळाला तांब्या लागला; तो कुणाचा यावर वरच्या वर दोन घरांत भांडण जुंपलं आणि एकीनं मोरोपंतांना पंच नेमलं. नंतर एक फुटकी कळशी आली. मग इंदूबाईची बादली आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोरोपंतांना कबूल करायचं नव्हतं, पण टाळ्या त्यांना कोर्टात कधी मिळाल्या नव्हत्या. पार्वताबाईंची बादली वर आली तेव्हा त्यांना थोडं वाईटच वाटलं.

पाना नटाच्या उरलेल्या खाचेत असा बसला की जणू माहेरी आला. गोवर्धनानं आणि त्यांनी मिळून जोर केला, नट किंचाळला आणि फिरला. आतलं कातडं कुजून शेवाळ झालं होतं.

"जाड कातडं लागन," गोवर्धन म्हणाला आणि मोरोपंतांच्या पायांकडे पाहू लागला.

पायात नव्या कोऱ्या वहाणा होत्या. मोरोपंतांनी त्याची नजर ओळखली. एक पाऊल मागं घेतलं. मग त्यांना डोमाजीचा भाऊ आठवला, काठी टेकत देवळाची पायरी चढणारा. त्यांनी निमूटपणे उजवी वहाण काढून दिली. वायसर पहिल्या खेपेला चुकीचं कापलं गेलं, तेव्हा डावीही दिली.

जॅकचं खास तेल अकोल्यात मिळेना. गोवर्धन म्हणाला, "एरंडेल टाका. जुन्या मोटारीत तेच टाकत." मोरोपंत अनवाणी, उड्या मारत, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले आणि मोठी बाटली भरून एरंडेल मागितलं. दुकानदारानं त्यांच्या उड्यांकडे, घामाकडे आणि केविलवाण्या चेहऱ्याकडे पाहिलं. हळूच विचारलं, "लई दिवसापासून त्रास हाये का जी? येवढं येकदम नका घेऊ. जीव जाईन."

पण जॅक चालला! गोवर्धनाच्या अंगणात त्यानं भंगारानं भरलेल्या बंडीचा आख उचलला आणि उचलून धरला. तेल सोडायचा पेच ढिला केला की सुस्कारा टाकून खाली येई, आवळला की वर थांबे. परतीच्या बसमध्ये तो कोपऱ्यात दोरीनं बांधला होता आणि मोरोपंत अनवाणी होते. लोकांना वाटलं वकीलसाहेबांनी रामनवमीचं अनवाणी राहायचं व्रत घेतलंय. एका बाईनं उठून त्यांना खिडकीची जागा दिली आणि पाया पडली. त्यांनी आशीर्वाद दिला. नाही म्हणायचं त्राण नव्हतं.

रामनवमीला दुपारी जन्म झाला, सुंठवडा वाटला, आणि रथाभोवती सारी गल्ली गोळा झाली. पाच वाजता मिरवणूक निघायची होती. मोरोपंतांनी जॅक आखाखाली सरकवला. तेवढ्यात बापूसाहेब वाकले.

"तेलाचा पेच नीट आवळलाय ना? रामाचं ओझं आहे. अजून एक पीळ द्या. थांबा, मीच देतो."

त्यांनी घरच्या साध्या पान्याला नळीचा लांब तुकडा जोडला आणि एक पीळ दिला. मग, पूल बांधलेला माणूस, दुसराही दिला.

दांडा हलू लागला. रथ कुरकुरला आणि वर निघाला. एकाही माणसाचा हात न लागता! लोकांनी जयजयकार केला. डोमाजीनं तडकलेलं चाक काढलं, नवं चढवलं, खुंटी ठोकली आणि कुणाच्या बोटाला खरचटलंसुद्धा नाही. डोमाजीचा भाऊ काठी काखेत धरून टाळ्या वाजवत होता. मोरोपंतांनी हात जोडून सर्वांना अभिवादन केलं, इतका वेळ केलं की पुजारी देवीदासाला म्हणावं लागलं, "आता खाली घ्या, वकीलसाहेब. मुहूर्त जाईन."

मोरोपंतांनी पेच सोडायला पाना लावला. पेच हलेना. जोर लावला. पेचाचं डोकं कडकन तुटून हातात आलं.

रथ मागच्या बाजूनं वर, पुढं झुकलेला, आणि वरच्या मजल्यावर रामराया किंचित वाकून गल्लीची चौकशी करत असल्यासारखे. जो जॅक वर राहत नव्हता तो आता खाली येत नव्हता.

सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, जॅकला आग लावा, तेल जळून जाईल. सागवानी रथाखाली! दुसरा म्हणाला, सगळ्यांनी रथावर चढून बसा, दाबानं बसेल. काहीजण चढलेही, त्यांना डोमाजीनं शिव्या देऊन उतरवलं. बापूसाहेब म्हणाले, "छन्नी आणा," आणि मोरोपंत ज्या आवाजात "नाही!" म्हणाले तो आवाज त्यांच्या बायकोनंही पूर्वी ऐकला नव्हता. बँडवाल्यांनी तीच धून तिसऱ्यांदा सुरू केली. कुणीतरी मागून म्हणालं, "वकिलानं रामाले लटकवून ठेवलं. तारीख देईन आता."

मोरोपंत रथाखाली आडवे पडले होते. काळ्या कोटावर एरंडेल, डोळ्यांत पाणी. आयुष्यात एवढं हरल्यासारखं त्यांना कुठल्याच खटल्यात वाटलं नव्हतं.

गर्दी बाजूला सारत गोदावरीबाई पुढं आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, जॅककडे पाहिलं, आणि इतक्या महिन्यांच्या ठेचा एकदम ओठांवर आल्या. "अहो, उठा तिथून! त्या मेल्याला तिथंच खड्डा खणून पुरा एकदाचं!"

 बँड थांबला.

मग डोमाजी सावकाश म्हणाला, "माय बराबर बोलून राहिली. जॅक खाली येत नाई, त जमीन खाली न्या."

पहारी आल्या, फावडी आली. जॅकच्या चाकांखालची माती उकरली जाऊ लागली आणि तो विलायती जॅक, रथ डोक्यावर घेऊन, इंच इंच करत भूमीत उतरू लागला. नवं चाक जमिनीला टेकलं तेव्हा झालेला गजर पार लांब, अमरावती कॅम्पात ऐकू गेला म्हणतात. रथ ओढला गेला. मिरवणूक निघाली. मोरोपंतांना पंचांनी खांद्यावर घेतलं आणि एरंडेलाचा स्पर्श झाल्यावर लगेच खाली ठेवलं.

मिरवणूक फिरून परत आली तेव्हा दिवेलागण होत होती. लोकांनी माती लोटून बुजवलेल्या खड्ड्यातून जॅकचं तेवढं वाटोळं लोखंडी मस्तक वर आलेलं होतं. मोरोपंत ते काढायला माणसं बघू लागले आणि जवळ जाऊन थबकले. मस्तकावर हळदकुंकू होतं. शेंदूरही. समोर फुटलेला नारळ. रामाचं ओझं ज्यानं डोक्यावर घेतलं आणि जागचा हलला नाही, त्याला बायांनी हात जोडायचे नाहीत तर कोणाला? भागीरथा नावाची एक म्हातारी सुनेला सांगत होती, "लई कडक हाये. वकिलाले लोळवलं त्यानं."

"देवीदास," मोरोपंत म्हणाले, "हा माझा जॅक आहे."

"व्हता," देवीदास नारळाचा अर्धा तुकडा आपल्या ताटात घेत म्हणाला. "आता देवाचा हाये. न्यायचा असन त दावा लावा."

मोरोपंतांनी मनातल्या मनात दावा मांडून पाहिला. कायद्याच्या नजरेत देव हा कायमचा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन. त्याच्या ताब्यातली वस्तू मागायची तर देवस्थानावर फिर्याद करावी लागणार, आणि देवस्थानतर्फे वकीलपत्र त्यांचंच होतं. शिवाय हा ऐवज बिनउपयोगी असल्याचं त्यांनी अकोल्यात सहीनिशी लिहून दिलेलं. हा खटला ते दोन्ही बाजूंनी हरत होते.

तेवढ्यात त्यांना बायांच्या रांगेत गोदावरीबाई दिसल्या. हातात ताट, डोक्यावर पदर. त्यांनी जॅकला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, ओवाळलं आणि डोळे मिटून बराच वेळ ओठांत काहीतरी पुटपुटल्या. एवढ्या भक्तीनं त्यांना पूजा करताना मोरोपंतांनी मंगळागौरीलाही पाहिलं नव्हतं.

"काय मागितलंस?" घराकडे वळताना त्यांनी विचारलं.

"काही नाही," गोदावरीबाई म्हणाल्या. "म्हटलं, देवा, आता बसलाच आहेस तर इथंच बस. आमच्या घराची ओढ धरू नकोस."

मोरोपंत थांबले, मागं वळले, आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही असं पाहिलं, आणि त्यांनीही हात जोडले.